पोर घर का सोडतं?

दादर-कल्याणच्या फलाटावर बाटल्या वेचणारं पोर दिसलं की आपण पटकन म्हणतो, 'उनाड आहे, घरातून पळालंय.' पण बंधू-भगिनींनो, दहा वर्षांचं लेकरू आईची कूस उगाच सोडत नाही.

१९८२ चा गिरणी संप आठवा. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. विटाळाच्या नावाखाली जास्त पगाराचं विणकाम खातं आपल्या वाडवडिलांना बंद होतं; कित्येक घरांत गाठीला दोन पैसेही नव्हते. संप लांबला, हजारोंना पुन्हा काम मिळालंच नाही. आधी दागिना गेला, मग भांडी, मग पोरांची शाळा. कुठे बापाची हतबलता दारूत बुडाली आणि राग पोराच्या पाठीवर उतरला. भाकरी नाही, मार मात्र आहे, अशा घरातून पोर स्टेशन गाठतं.

आज गिरण्या गेल्या. पण कंत्राटी काम, कर्ज आणि आजारपण घराची तीच दशा करतात.

मुलांना वाईटापासून राखावं, त्यांना विद्या द्यावी, हे आईबापांचं कर्तव्य तथागतांनी सिगालोवाद सुत्तात सांगितलं. पण चूलच विझली तर एकट्या आईनं ते कसं पार पाडावं? पोर चार दिवस शाळेत दिसलं नाही, तर विहारातल्या महिला मंडळानं त्या घरी जावं. बापाला दारूपासून सोडवावं, वह्या-पुस्तकांची सोय करावी. फलाटावर एकटं पोर दिसलं तर १०९८ वर फोन करावा. तो मोफत आहे.

पोर स्टेशनवर पोचण्याआधी आपण त्याच्या दारात पोचलं पाहिजे. जयभीम!