संगणकाचे जाळे दुरुस्त करणारा हात गावातच तयार करा

सातबाऱ्याचा उतारा, पीक विमा, महाडीबीटीचा अर्ज, २०२१ पासून आलेली ई-पीक पाहणी, ही सारी कामे आता नेटवर चालतात. विम्याची मुदत संपायला दोन दिवस उरलेत आणि केंद्रावरचे नेट बंद, हा अनुभव आपल्याला नवा नाही. विचारले की उत्तर ठरलेले, "तालुक्याहून माणूस येईल." तो माणूस आपल्याच गावचा का असू नये?

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर केबल नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. पण केबल टाकणे हे एकदाचे काम, ती चालू ठेवणे हे कायमचे. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, उंदीर कुरतडतात, वीज पडून पेटी जळते. शाळा, दवाखाना, पतसंस्था, साखर कारखाना, दूध संघ, सगळीकडे ही जाळी आहेत. ती जोडणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या माणसाला नेटवर्क टेक्निशियन म्हणतात. दोन एकरांत दोन भावांचे भागत नाही, अशा घरातल्या मुला-मुलींनी या कामाकडे जरूर पाहावे.

पाटपाण्यासारखेच गणित

इंग्रजी नावांनी घाबरू नका. कॅनॉलचे पाणी डोळ्यांसमोर आणा. राउटर हा पाटकरी, कुठले पाणी कुठल्या चारीला सोडायचे ते तो ठरवतो. स्विच म्हणजे एकाच वावरात सऱ्यांना पाणी वाटून देणारा दांड. आयपी पत्ता म्हणजे गट नंबर. एकाच जाळ्यात दोन यंत्रांना एकच नंबर गेला की भांडण लागलेच! ठिबकची नळी फार लांबवली तर शेवटच्या ड्रिपरला पाणी पोचत नाही. तसेच तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरच्या आतच ठेवायची. त्यापुढे फायबर लागते.

आधी हात बसवा

पहिला धडा केबलच्या टोकाला कनेक्टर बसवण्याचा. आत आठ तारा असतात. रूढ क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवून क्रिंपिंगच्या पकडीने दाबायचे आणि टेस्टर लावून तपासायचे. पन्नास टोके केली की हात बसतो.

दुसरा धडा दोष शोधण्याचा, आणि खरी किंमत त्यालाच आहे. मोटार चालली नाही तर आपण लगेच ती विहिरीतून काढत नाही. आधी फेज, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह पाहतो. इथेही तसेच. आधी वीज आहे का पाहा. मग फायबरच्या पेटीवरचा दिवा पाहा. 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाश येत नाही: केबल तुटली, दुमडली किंवा टोक खराब झाले. मग स्विचचे दिवे पाहा. मग संगणकाचा आयपी पत्ता. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही असे बहुधा समजावे. पत्ता ठीक असेल तर 'पिंग' करून आधी राउटर, मग बाहेरचे जग उत्तर देते का पाहावे. हा क्रम पाठ असलेला मुलगा उगाच पेट्या बदलत बसत नाही.

सांभाळायचेही आहे. फायबरच्या टोकात डोकावू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. काचेचे तुकडे डबीत टाका. पट्टा व हेल्मेट नसेल तर खांबावर चढू नका, मालक कितीही घाई करो.

शिकायचे कुठे?

दहावीनंतर आयटीआयमध्ये 'इन्फर्मेशन कम्युनिकेशन टेक्नॉलॉजी सिस्टिम मेंटेनन्स' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, म्हणून प्रवेशाआधी चौकशी करा. नंतर शिकाऊ उमेदवारी करावी, हाताला वळण तिथेच लागते. सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग अकादमीचा पायाभूत अभ्यास नेटवर फुकट आहे. तिच्या 'पॅकेट ट्रेसर' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरच राउटर-स्विच जोडून सराव करता येतो. इंग्रजी सोपे असले तरी शब्दांची वही करावी.

'शंभर टक्के नोकरी' अशी जाहिरात दिसली की थांबा. वर्गात राउटर, स्विच प्रत्यक्ष किती आहेत? एका यंत्रावर किती मुले? मागच्या तुकडीतली मुले कुठे कामाला आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? पैशाची पक्की पावती मिळते का? उत्तरे सरळ मिळाली नाहीत तर सोसायटीचे कर्ज काढून फी भरू नका. सीसीएनए ही परीक्षा नामांकित आहे. पण तिची फी जड, आणि प्रमाणपत्र तीन वर्षेच चालते. म्हणून ती पहिल्या पगारानंतर दिली तरी चालेल.

हेही सांगायला हवे की सुरुवातीचा पगार बेताचा असतो, पावसात फिरावे लागते, रात्री फोन येतात. पण दोष शोधता येऊ लागला की माणसाची किंमत वाढते.

ग्रामपंचायतीने काय करावे

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढे करावे: जाळ्याची पेटी कुठे, केबल कुठून गेली, तक्रार कोणाकडे द्यायची, हे एका कागदावर लिहून भिंतीवर लावावे. दुरुस्तीचा माणूस आला की गावातल्या एक-दोन होतकरू मुला-मुलींना त्याच्यासोबत उभे राहू द्यावे. जुना बंद राउटर भंगारात देण्याऐवजी शाळेला सरावासाठी द्यावा, मात्र दप्तरी नोंद करून. खोदकामाची परवानगी देताना केबलची खूण आधी दाखवावी.

आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतात. दाखला, गुणपत्रक, जातीचे व उत्पन्नाचे दाखले आताच काढून ठेवा. ऐनवेळी नेट बंद असले तर पंचाईत व्हायची!