पक्ष्यांच्या विष्ठेवर उभा राहिलेला महाल

काउंटी म्हटलं की आपल्या डोक्यात पहिलं काय येतं? क्रिकेट! सुनील गावसकर १९८० मध्ये सॉमरसेटकडून खेळले होते, हे घरातल्या एखाद्या क्रिकेटवेड्या काकांना विचारा, लगेच सांगतील. पण काउंटी म्हणजे फक्त टीम नव्हे. ढोबळमानाने आपला जिल्हा म्हणा ना. आज त्याच सॉमरसेटमधल्या एका व्यापारी घराण्याच्या महालाची गोष्ट वाचा. पुढच्या वेळी एखाद्या जुन्या वाड्यासमोर सेल्फी काढताना ती तुम्हाला आठवेल.

महालाचं नाव टिंट्सफील्ड. ब्रिस्टल शहरापासून जेमतेम १०-१२ किलोमीटरवर, रॅक्सॉल गावाजवळ. टोकदार कमानी, उंच छपरं, रंगीत काचा, स्वतःचं चॅपल. फोटो बघितलात तर वाटेल, हॅरी पॉटरचा सेटच आहे. विल्यम गिब्ज या व्यापाऱ्याने ही जागा १८४३ मध्ये घेतली आणि १८६० च्या दशकात जॉन नॉर्टन या वास्तुविशारदाकडून साध्या घराचा असा गॉथिक थाटाचा महाल करून घेतला. तेव्हा तो इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होता, आणि तेही कुठली सरदारकी नसताना.

एवढा पैसा आला कुठून? तर पक्ष्यांच्या शिटेतून. हसू नका, खरंच!

दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ काही छोटी बेटं आहेत. त्यांचं नाव चिंचा. आपल्याला ऐकताना तोंडाला पाणी सुटेल, पण तिथे चिंचेचं झाड सोडा, हिरवं पानसुद्धा नाही. आसपासच्या थंड समुद्रात मासे भरपूर, म्हणून लाखो समुद्रपक्षी तिथे वस्ती करतात. पाऊस जवळपास नाहीच, त्यामुळे विष्ठा वाहून जात नाही. शतकानुशतकं तिचे थर साचत गेले आणि त्यातला नायट्रोजन टिकून राहिला. हेच ग्वानो, त्या काळातलं जबरदस्त खत. युरोपात शहरं वाढत होती, खाणारी तोंडं वाढत होती, जमिनीला खत हवं होतं. गिब्जच्या कंपनीने १८४२ मध्ये पेरूच्या सरकारशी करार केला आणि १८६१ पर्यंत ग्वानो विकून बक्कळ पैसा कमावला. लंडनमध्ये लोक यावरून टवाळी करायचे, पण पैशाला वास नसतो!

आता गोष्टीची दुसरी बाजू. हे थर खणत कोण होतं? कैदी, गुलाम आणि १८४९ नंतर मोठ्या संख्येने चिनी मजूर. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी माणसं करारावर पेरूत नेली गेली. बरेच जण उसाच्या मळ्यांत गेले, काही या बेटांवर. करार कागदावरच राहायचा. कडक ऊन, नाकातोंडात जाणारी झोंबरी धूळ, फटके आणि पळून जायला चहूकडे समुद्र. अनेकांनी तिथेच जीव दिला. खणायचं कंत्राट पेरूतल्या कंत्राटदारांकडे होतं, गिब्जकडे विक्री होती, हेही खरं. पण नफ्याची साखळी एकच होती ना?

गंमत बघा, हाच विल्यम देण्याघेण्याच्या बाबतीत अगदी चोख माणूस होता. त्याचे वडील अँटनी कापडाचे व्यापारी. १७८९ मध्ये त्यांचं दिवाळं वाजलं. पुढे मुलांनी वडिलांचं जुनं कर्ज फेडून टाकलं. विल्यमने चर्च बांधली, ऑक्सफर्डच्या केबल कॉलेजला चॅपल दिलं. म्हणजे तो सिनेमातला व्हिलन नव्हताच. मग बेटांवरच्या मजुरांचं देणं त्याच्या हिशेबाच्या वहीत का आलं नाही? हा प्रश्न मला त्या महालापेक्षा मोठा वाटतो. चांगली माणसंसुद्धा लांबचं दुःख किती सहज वगळतात!

या सगळ्यात काउंटीचं काय झालं? महाल जागेवरच राहिला, पत्ता मात्र बदलत गेला. १९७४ मध्ये सॉमरसेटचा हा भाग तोडून एव्हन नावाच्या नव्या काउंटीत घातला. १९९६ मध्ये एव्हनच रद्द झाली आणि नॉर्थ सॉमरसेट आलं. २०१४ पर्यंत ठाणे जिल्हा लिहिणाऱ्या पालघरकरांना हे वेगळं समजवायला नको. शेजारचं ब्रिस्टल तर १३७३ मध्येच स्वतः एक काउंटी झालं होतं. आपले राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये तिथेच वारले, त्यांची समाधीही तिथे आहे. गुलामांच्या व्यापारात पैसा कमावलेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा जून २०२० मध्ये आंदोलकांनी पाडला, तोही याच शहरात.

टिंट्सफील्डवर मात्र लोकांनी जीव लावला. गिब्ज घराण्यातले शेवटचे मालक २००१ मध्ये अविवाहित वारले. वारसदार बरेच, त्यामुळे विक्री अटळ. तेव्हा नॅशनल ट्रस्ट या संस्थेने हाक दिली आणि अवघ्या १०० दिवसांत ८० लाख पौंडांहून जास्त देणगी जमली. वारसा निधीतूनही मोठी रक्कम आली आणि २००२ मध्ये महाल सर्वांचा झाला. आत हजारो वस्तू जशाच्या तशा सापडल्या, अगदी दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्बसुद्धा! दुरुस्ती चालू असतानाही दारं लोकांसाठी उघडी ठेवली गेली.

म्हणजे महाल पाडायचा का? अजिबात नाही. जपायचाच, पण पूर्ण गोष्टीसकट. तुमच्या गावातही एखादा सावकाराचा वाडा असेल, एखादी कापूस व्यापाऱ्याची हवेली असेल. पुढच्या हेरिटेज वॉकला गाइडला चार प्रश्न नक्की विचारा. पैसा कशातून आला? काम कुणी केलं? त्यांना काय मिळालं? आणि त्यांची नावं कुठे लिहिली आहेत? चौथ्या प्रश्नाला बहुतेक वेळा शांतता पसरेल. तिथूनच तुमचा प्रोजेक्ट सुरू करा.