किरकोळ खर्च

बँकेत पस्तीस वर्षं काढली की माणसाला एक खोड जडते. कोणाचंही भांडण कानावर आलं, की तो मनातल्या मनात कागदाच्या मधोमध उभी रेघ मारतो. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. दोन्हीकडची बेरीज जुळेपर्यंत त्याला चैन पडत नाही. आमच्या पालघरच्या सोसायटीत पाण्यावरून भांडणं झाली, गाड्या लावण्यावरून झाली, वरून ठिबकणाऱ्या कपड्यांवरूनही झाली. पण माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, ते फक्त कुत्र्या-मांजरांवरून. त्यातल्या एका भांडणाची बेरीज अजून माझ्याच्यानं जुळलेली नाही.

सुरुवात मात्र बोईसरपासून करायला हवी. १९८७ साली माझी तिथे बदली झाली. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज निघत होती, एमआयडीसीत कारखाने वाढत होते आणि भाड्याची खोली मिळणं मुश्कील झालं होतं. अखेर नवापूरच्या वाटेवर एका मांगेला कुटुंबाच्या वाडीत जागा मिळाली. पाच बिऱ्हाडं, अंगण एकच. मोसमात मालकीणबाई बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घालायच्या आणि खाली एक करडी मांजर कीर्तनाला बसल्यासारखी डोळे लावून बसायची. बोंबील पळाला की मालकीणबाई तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. संध्याकाळी मासळी साफ करताना मुंडकी मात्र तिच्याकडेच टाकायच्या. एक काळा कुत्राही होता. पाचही बिऱ्हाडांची समजूत होती, की तो आपलंच दार राखतो. त्यामुळे शिळी भाकरी त्याला पाच घरची मिळायची आणि शिव्याही पाच घरच्या.

जुना काळ सोन्याचा होता असं मला म्हणायचं नाही. कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि एखादं कुत्रं डोईजड झालं की एका सकाळी ते मरून पडलेलं दिसे. कसं मेलं, हे कोणी विचारत नसे. पण त्या अंगणात जनावराचा उपयोगही वाटून घेतलेला होता आणि उपद्रवही.

१९९८ साली आम्ही पालघरला फ्लॅट घेतला. फ्लॅटला अंगण नसतं. जिना सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही. पहिल्या मजल्यावरच्या एका वहिनींना मांजरांचा भारी लळा. सातपाटीची मासेवाली मावशी पाटी घेऊन आली, की मागोमाग दोन-तीन मांजरं फाटकापर्यंत यायचीच. वहिनी माशांची मुंडकी वर्तमानपत्रावर घालून जिन्यात ठेवायच्या. समोरचं कुटुंब शुद्ध शाकाहारी. दार उघडलं की पायाशी पापलेटचं डोकं! वहिनींना वाटे, मुक्या प्राण्याचा घास काढतात, काय ही माणसं. समोरच्यांना वाटे, आमच्या उंबऱ्याशी हे मुद्दाम चाललंय. दोघांचंही खोटं नव्हतं. अखेर मांजरांचं जेवण वहिनींच्या स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत गेलं आणि भांडण मिटलं. मिटायला चार वर्षं लागली, कारण ‘तुम्हाला त्रास होतो का?’ हा प्रश्न चार वर्षांत कोणी कोणाला विचारलाच नव्हता.

मांजराचं प्रकरण असं बाल्कनीत मावलं. कुत्र्यांचं मावेना.

दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला, एकट्या असतात. रोज रात्री दहाला डबा घेऊन फाटकाशी यायच्या आणि चार कुत्र्यांना दूधभात घालायच्या. काकूंना पुण्य लागत असेल, रस्त्याला राखण मिळत असेल. पण जिथे पान वाढलं जातं ती जागा कुत्रं आपली मानतं. तळमजल्यावरचा तरुण तारापूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून तो घरी पोचे तेव्हा बारा वाजायला आलेले असत, आणि चौघंही त्याच्या पायाशी धावत. एका पावसाळी रात्री तो घसरून पडला. मनगट मोडलं. तीन आठवडे काम नाही, म्हणजे पगार नाही. घरात लहान मूल. माझ्या उभ्या रेघेच्या भाषेत सांगायचं तर पुण्य काकूंच्या खात्यात जमा आणि खर्च त्या पोराच्या नावे.

हे २०१४ साल. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला होता. मी तेव्हा सोसायटीचा खजिनदार. इमारतीत बँकवाला असला की ते पद त्याच्याच गळ्यात पडतं. कमिटीची सभा झाली. काकूंना बोलावलं नव्हतं. ‘बाई रडतील, उगाच वाढेल,’ असं ठरलं, आणि ठरवणाऱ्यांत मी होतो. दोन दिवसांनी पहाटे एक टेम्पो आला आणि चारही कुत्री मनोरच्या पलीकडे, हायवेच्या कडेला सोडून आला. रस्त्यावरची कुत्री नसबंदी करून, लस टोचून मूळ जागीच सोडायची, हा केंद्र सरकारचा नियम २००१ पासून होता. तो आम्हाला माहीत नव्हता. माहिती करून घेण्याची तसदीही आम्ही घेतली नाही. टेम्पोवाल्याचे बाराशे रुपये मी दिले आणि व्हाउचरवर लिहिलं, ‘किरकोळ खर्च’.

आठ दिवस काकू डबा घेऊन गल्लीत फिरत होत्या. हाका ऐकू यायच्या. मी खिडकी लावून घेई.

पुढे वार्षिक सभेत हिशेब वाचून झाले. ‘कोणाला काही शंका?’ असं आपण सवयीनं विचारतो. काकू उभ्या राहिल्या. ‘हा बाराशे रुपये किरकोळ खर्च कसला?’ सभा गप्प. मी म्हणालो, ‘टेम्पोचं भाडं.’ त्यांनी पिशवीतून चार कागद काढून टेबलावर ठेवले. चारही कुत्र्यांची नसबंदी झाली होती, रेबीजची लस दिलेली होती, खूण म्हणून कानाला खाच होती. खर्च त्यांच्या पेन्शनमधला. ‘एकदा विचारायचं होतंत,’ एवढंच म्हणून त्या खाली बसल्या.

रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. जिथे उकिरडा आहे, हॉटेलचं उरलंसुरलं आहे, तिथली कुत्री गेली की आजूबाजूची शिरतात. दिवाळीपर्यंत आमच्या फाटकाशी पाच नवी कुत्री होती. नसबंदी नाही, लस नाही. पंपाच्या खोलीमागे एक कुत्री व्याली, आणि पिल्लांजवळ गेलेल्या दुसरीतल्या एका मुलीच्या पोटरीला तिनं चावा घेतला. आजीनं घाबरून मिरचीपूड आणली. काकू धावत खाली आल्या, आजीचा हात धरला आणि पोरीचा पाय साबण लावून नळाखाली धरून ठेवला, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग रिक्षा करून दवाखाना.

घरोघरी वाचला जाणारा हा लेख आहे, म्हणून दोन ओळी इथेच. चावा किंवा ओरखडा कुत्र्याचा असो की मांजराचा, हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी डॉक्टर. लस आता दंडात घेतात, पोटात नाही, आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पुरे करावे लागतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस बहुधा हाती लागत नाही.

ही भांडणं आजची नाहीत. ६ जून १८३२ रोजी मुंबईच्या फोर्टात कुत्र्यांवरून दंगल झाली होती. सरकारनं भटकी कुत्री मारायला कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं होतं. बक्षिसापायी पोलीस लोकांच्या आवारातली कुत्रीही उचलू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मात मान. मृताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा ‘सगदीद’ नावाचा विधीच आहे. लोक भडकले, शिपायांना मार बसला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. आमच्या तारापूर-डहाणूच्या पट्ट्यात पारशी वस्ती जुनी, म्हणून ही हकिगत मला जवळची वाटते. भटक्या कुत्र्यांची भीती तेव्हाही खरी होती आणि लोकांची श्रद्धाही खरी होती. दोघांना एकत्र बसवण्याऐवजी सरकारनं आठ आणे मोजले. आम्ही बाराशे रुपये मोजले.

अलीकडे हा विषय पार सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून पुन्हा तिथेच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून, खायला घालायचं ते ठरवलेल्या जागीच. त्याआधी मार्च २०२३ च्या नियमांतही सोसायट्यांना हेच सांगितलं होतं. कुत्र्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवा. ती फाटकाशी नको, जिन्यात नको, मुलं खेळतात तिथे नको. तंटा झालाच तर समितीत तक्रारदारालाही बसवा, असंही त्यात आहे. वाचताना मला वाटलं, हे तर आमचंच इतिवृत्त.

कारण पोरीला कुत्रं चावल्यावर आम्ही अखेर ते केलं होतं. काकू आणि तळमजल्याचा तरुण समोरासमोर बसले. त्याचं मनगट मोडलं होतं, हे काकूंना ठाऊक होतं. तीन आठवड्यांचा पगार बुडाला, हे ठाऊक नव्हतं. ‘मलाही कोणी विचारलं नव्हतं,’ तो म्हणाला. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनीच जागा सुचवली: मागच्या भिंतीबाहेर, संध्याकाळी सातला, अर्ध्या तासात भांडी उचलायची. नव्या पाचांच्या नसबंदीचा खर्च सोसायटीनं करायचा. त्याला हिशेबात मी स्वतंत्र रकाना दिला, स्वच्छ अक्षरात, ‘प्राण्यांची देखभाल’.

त्या तरुणाला कुत्री आजही आवडत नाहीत. आवडायलाच हवीत असंही नाही. तो गल्लीच्या तोंडाशी गाडीचा वेग कमी करतो आणि कुत्री मान वर करून पुन्हा झोपतात.

काकू माझ्याशी बोलतात. संक्रांतीला तिळगूळही देतात. पूर्वी मला ‘भाऊ’ म्हणायच्या. त्या सभेपासून ‘खजिनदार’ म्हणतात. मी ते पद सोडून सहा वर्षं झाली.