नीरा मधुमेहींना चालते, हे कोणी ठरवलं?

नीरा केंद्रासमोर उभं राहिलं की कोणी ना कोणी म्हणतंच, "काका, बिनधास्त घ्या. नैसर्गिक आहे, शुगरवाल्यांना चालते." आणि काका खरोखरच घेतात, कधी दोन ग्लास. चहात साखर नको म्हणून घरच्यांशी वाद घालणारी माणसं हा रस निर्धास्तपणे पितात, याचा मला मनापासून त्रास होतो.

नीरा म्हणजे माडाची किंवा ताडाची पोय छेदून, किंवा शिंदीच्या शेंड्याजवळ काप घेऊन गोळा केलेला रस. पानांत तयार झालेली साखर झाड ज्या रसातून वाढत्या भागांकडे पाठवतं, तोच हा रस, वाटेत अडवलेला. म्हणूनच तो गोड असतो. त्यात साधारण 10 ते 15 टक्के साखर असते आणि ती बहुतांश सुक्रोज, म्हणजे उसातून निघते तीच. 200 मिलिलिटरच्या ग्लासात 20 ते 30 ग्रॅम, निदान चार-पाच चमचे. बाटलीतल्या बहुतेक कोला पेयांत 100 मिलिलिटरला 10-11 ग्रॅम साखर असते. म्हणजे साखरेच्या हिशेबात नीरा कोलाच्या बरोबरीची, कधी वरचढच. तिच्यात पोटॅशियम आहे, थोडं क जीवनसत्त्व आहे, हे खरं. पण त्यामुळे साखर रक्तात जायची थांबत नाही.

मग "ग्लायसेमिक इंडेक्स फक्त 35" हे कुठून आलं? फिलिपिन्सच्या अन्न व पोषण संशोधन संस्थेने माडाच्या रसापासून केलेल्या साखरेचा तो आकडा दिला होता. सिडनी विद्यापीठाच्या चाचणीत अशाच साखरेचा आकडा 54 आला. दोन्ही चाचण्या वाळवलेल्या साखरेच्या आहेत, शिंदीच्या नीरेच्या नाहीत. शिवाय हा निर्देशांक साखर किती वेगाने चढते ते सांगतो; ग्लासात साखर किती आहे, ते नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अन्नात वरून घातलेली साखर आणि मध, पाक, फळांचे रस यांतली साखर मिळून दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत राहिलेली उत्तम. हे निरोगी माणसासाठी. एका ग्लासात तेवढी संपते. मधुमेह असेल तर पिण्याआधी डॉक्टरांना विचारा, केंद्रावरच्या माणसाला नको.

यातलाच एक धोकादायक पोटभेद: "आज कमी गोड आहे, म्हणजे सोसेल." गोडी कमी झाली ती यीस्टने साखर खाऊन अल्कोहोल केलं म्हणून. ती नीरा ताडी व्हायला लागली आहे.

नीरा आणि ताडी एकच, हाही समज चुकीचा. झाड तेच, रस तोच, फरक आंबण्याचा. उन्हात काही तासांतच रस आंबू लागतो, म्हणून तो रात्री गोळा करून पहाटे उतरवतात आणि थंड ठेवतात. मडक्याला आतून चुना लावतात तोही आंबणं रोखायला. त्याला भेसळ म्हणू नका. फेस आला म्हणजे ताजी, हे तर अगदी उलट. आणि नीरा म्हणजे नारळपाणी नव्हे. नारळपाणी फळातलं, नीरा झाडाच्या रसवाहिन्यांतली.

राहिलं "झाडावरून थेट आलेलं, म्हणजे शुद्ध." बांगलादेशात खजुरीच्या जातीच्या झाडांचा कच्चा रस पिऊन निपाह विषाणूची लागण झाल्याचं वारंवार नोंदलं गेलं आहे. रात्री फळवटवाघळं भांड्याशी येऊन रस चाटतात, त्यांची लाळ आणि लघवी त्यात पडते. तिथे भांड्याभोवती बांबूची झडप बांधायला शिकवलं जातं आणि रस उकळून प्यायला सांगितलं जातं. उकळल्यावर विषाणू मरतो. साखर मात्र तेवढीच राहते.