थायरॉईड आणि पेशींतले क्षार

"डॉक्टर, थायरॉईड असते गळ्यात, मग पायांतली ताकद कशी गेली?" असे रुग्ण मला विचारतात. याचे उत्तर पेशींमधल्या क्षारांच्या देवघेवीत आहे.

आपल्या पेशींच्या आत पोटॅशियम जास्त असते, तर बाहेर सोडियम जास्त. हा फरक टिकवण्यासाठी पेशीच्या आवरणात सूक्ष्म पंप असतात. हा पंप दर खेपेला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्को यांनी १९५७ साली हा शोध प्रसिद्ध केला. त्यासाठी १९९७ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

थायरॉईडच्या संप्रेरकामुळे स्नायूंमधले पंप वाढतात. रक्तातल्या तांबड्या पेशींत मात्र उलटे दिसते. थायरॉईड वाढलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशींत पंप कमी आढळतात आणि आत सोडियम साचते. पूर्ण वाढ झालेल्या तांबड्या पेशीला केंद्रक नसते, त्यामुळे तिला नवे पंप बनवता येत नाहीत. तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणून औषध सुरू केल्यावरही हा बदल हळूहळूच ओसरतो.

खरा धोका स्नायूंकडून येतो. थायरॉईड वाढलेल्या काही तरुण पुरुषांत, रात्री भात-गोडाचे भरपेट जेवण झाले किंवा दिवसभर अंगमेहनत करून झोपले, की रक्तातले पोटॅशियम झपाट्याने स्नायूंत शिरते. गोड पचवताना वाढणारे इन्सुलिनही या पंपाला जोर देते. सकाळी पाहावे तर पाय उचलत नाहीत! शुद्ध असते, बोलणे स्पष्ट असते. घरचे लोक याला लकवा समजतात, कुणी बाहेरची बाधा म्हणतात.

वाचकहो, अशा वेळी अंगारे-धुपारे किंवा मालिश करण्यात वेळ घालवू नका. पोटॅशियम फार उतरले, तर हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेतू शकते. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या. तेथे रक्तातले पोटॅशियम, ईसीजी आणि थायरॉईडची तपासणी अवश्य व्हावी. गळ्याला सूज नसली तरीही. पोटॅशियमचे औषध घरच्या घरी पाजू नका. स्नायूंतले पोटॅशियम रक्तात परतू लागले, की त्याचे प्रमाण जास्त होऊन तेही घातक ठरते.

थायरॉईड आटोक्यात आले, की हे झटके थांबतात. म्हणून बरे वाटले तरी गोळ्या मनाने बंद करू नका.