विधी प्रवेशपरीक्षा : काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या घरांत वकिलीची परंपरा मुळीच नाही, अशा घरांतूनही अलीकडे मुलामुलींना कायद्याच्या शिक्षणाला पाठविण्याचा विचार गांभीर्याने होऊ लागला आहे, ही माझ्या मते आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या विचाराबरोबरच प्रवेशपरीक्षेविषयीची जी माहिती घरात येते, ती शेजाऱ्यांकडून, नातलगांकडून, शिकवणीवर्गांच्या जाहिरातींतून आणि मागल्या पिढीतील एखाद्या वकीलसाहेबांच्या आठवणींतून गोळा झालेली असते, आणि तिच्यातील बराच भाग एके काळी खरा असला तरी आज खरा राहिलेला नाही. या जुन्या माहितीच्या आधारे मुले वर्षवर्ष राबतात आणि गुण मिळत नाहीत म्हणून आपल्या बुद्धीला दोष देतात. म्हणून त्या समजुतींची छाननी करणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज वेळेचा आहे. ‘बारावीची परीक्षा होऊ द्या, मग पाहू’ असे पालक म्हणतात; पण राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी होणारी क्लॅट ही परीक्षा २०२२ पासून डिसेंबर महिन्यात घेतली जाते, म्हणजे पुढील जुलैच्या सुमारास ज्याला विद्यापीठात पाऊल ठेवायचे आहे त्याने बारावीचे वर्ष चालू असतानाच अर्ज भरून तिला बसावे लागते. बोर्डाचा शेवटचा पेपर देऊन जो विद्यार्थी चौकशीला निघतो, त्याच्या दृष्टीने त्या वर्षीची क्लॅट केव्हाच होऊन गेलेली असते. त्याच्यापुढे उरते ती मुख्यतः महाराष्ट्र राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी, जी २०१६ पासून घेतली जात आहे.

याच ठिकाणी दुसरा घोटाळा होतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील तिन्ही महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे राज्याच्या कायद्यान्वये स्थापन झालेली आहेत आणि त्यांच्या नावातही महाराष्ट्र आहे. त्यामुळे तेथील पाच वर्षांच्या पदवीचा प्रवेश राज्याच्या सीईटीवर होत असणार, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो क्लॅटच्या गुणानुक्रमानेच होतो. उलट १८५५ साली सुरू झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा १९२४ साली पुण्यात स्थापन झालेले आयएलएस ही राज्यातील जुनी, नामांकित महाविद्यालये सीईटीच्या वाटेवर आहेत. ज्याला दोन्ही दारे ठोठवायची आहेत त्याने दोन्ही परीक्षांना बसले पाहिजे, आणि या दोन परीक्षांचे स्वभाव एकमेकींहून बरेच निराळे आहेत, हेही आरंभीच जाणून घेतले पाहिजे.

स्वभावाचा हा भेद ज्या गैरसमजामुळे झाकला जातो, तो म्हणजे ‘कायद्याच्या परीक्षेला कायदा पाठ हवा’ हा होय. २००८ साली क्लॅट सुरू झाली तेव्हा आणि त्यानंतर सुमारे दशकभर या म्हणण्यात तथ्य होते. दोनशे प्रश्नांच्या त्या पत्रिकेत संविधानाची कलमे, लॅटिन वचने, गाजलेले निवाडे यांची माहिती सरळ विचारली जात असे. २०२० पासून मात्र पत्रिकेचे स्वरूप पार पालटले. आता प्रत्येक विभागात साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे येतात आणि त्यांच्या आधारे प्रश्न विचारले जातात. २०२४ च्या प्रवेशासाठी झालेल्या परीक्षेपासून एकूण प्रश्न १२० आणि वेळ १२० मिनिटे, असे प्रमाण आहे. विधी-तर्काच्या विभागातील उताऱ्यात एखादे तत्त्व मांडलेले असते, प्रश्नात काही घटना कल्पिलेल्या असतात, आणि ते तत्त्व त्या घटनांना लावले असता निष्कर्ष काय निघतो एवढेच परीक्षकाला हवे असते.

पूर्वज्ञान येथे केवळ निरुपयोगी ठरते असे नाही. ते प्रसंगी घातकही ठरते. उदाहरणार्थ, एका उताऱ्यात इंग्लंडमधील रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या १८६८ सालच्या निवाड्यातले तत्त्व दिले आहे असे समजा : आपल्या जमिनीवर अपायकारक वस्तू साठविणाऱ्या इसमाच्या ताब्यातून ती वस्तू निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर साठविणाऱ्याचा हलगर्जीपणा नसला तरी तो भरपाईस जबाबदार होतो; मात्र दैवी आपत्तीमुळे ती निसटली असेल तर त्याच्यावर दायित्व येत नाही. पुढे प्रश्नात अभूतपूर्व भूकंपाने एका कारखान्याची रसायनाची टाकी फुटते. ज्या विद्यार्थ्याने मार्गदर्शक पुस्तकातून एम. सी. मेहता खटल्यातील १९८६ अखेरचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा पाठ केलेला असतो, त्याला लगेच स्मरते की धोकादायक उद्योगाचे दायित्व भारतात निरपवाद मानले आहे आणि तेथे दैवी आपत्तीची सबब चालत नाही. तो आत्मविश्वासाने ‘कारखानदार जबाबदार’ असे उत्तर देतो आणि गुण गमावतो. त्याची माहिती खरी होती, पण परीक्षकाने ती मागितलेली नव्हती. उताऱ्यात जो अपवाद लिहिला आहे तो त्या प्रश्नापुरता कायदा आहे, आणि दस्तऐवजात जे लिहिले आहे त्याच्या पलीकडे न जाता निर्णय देण्याची शिस्त विद्यार्थ्याजवळ आहे की नाही, याचीच ही कसोटी आहे. या शिस्तीला मी फार मानतो. न्यायासनाची पहिली पायरी तीच आहे.

मात्र या विवेचनावरून राज्याच्या सीईटीलाही कायदा वाचण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेथे संविधान, विधिविषयक संज्ञा आणि मूलभूत कायदे यांवर सरळ प्रश्न अद्यापि येतात. अशा तयारीसाठी जुनी पुस्तके हाती धरणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्याचप्रमाणे क्लॅटमध्येही चालू घडामोडींचा विभाग या नियमाला अपवाद आहे : तेथे उतारा दिलेला असतो खरा, पण बहुतेक प्रश्नांची उत्तरे उताऱ्यात नसतात, त्या घटनेची पार्श्वभूमी आधीच ठाऊक असावी लागते. अशा प्रश्नांची संख्या २८ ते ३२ असते, म्हणजे जवळजवळ चतुर्थांश पत्रिका. आणि शेवटच्या महिन्यात घाईने वाचलेल्या मासिक संकलनाने ती उणीव भरून निघत नाही. रोजचे वर्तमानपत्र वर्षभर वाचणे आणि एखादा करार, विधेयक किंवा निवाडा बातमीत आला की त्याचा मागचा इतिहास दोन ओळींत टिपून ठेवणे, हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

आता भाषेविषयी. ‘मराठी माध्यमाच्या मुलाला हे जमावयाचे नाही’ हे वाक्य मी तालुक्याच्या गावांतून इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा परामर्श विस्ताराने घेणे भाग आहे. राज्याच्या सीईटीत इंग्रजीचा विभाग सोडता प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात. क्लॅट मात्र इंग्रजीतच होते, आणि ही अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अडचण नेमकी कोठे आहे? उताऱ्यांची एकूण लांबी नऊ-दहा हजार शब्दांच्या घरात जाते असे धरले आणि विद्यार्थी मिनिटाला दोनशे शब्द समजून वाचतो असे मानले, तर केवळ उतारे वाचण्यास सुमारे पाऊण तास लागतो आणि १२० प्रश्नांसाठी सव्वा तास उरतो. त्याची गती मिनिटाला शंभर शब्दांची असेल, तर वाचनातच दीड तास जातो आणि उरलेल्या अर्ध्या तासात कोणीही पत्रिका पुरी करू शकणार नाही. म्हणजे प्रश्न वाचनाच्या गतीचा आणि चिकाटीचा आहे, इंग्रजी बोलण्याच्या सफाईचा किंवा कठीण शब्दांच्या याद्यांचा नाही. रोज तासभर इंग्रजी संपादकीय, निबंध, न्यायालयीन बातम्या असे सलग गद्य वाचावे, परिच्छेद संपला की पुस्तक मिटून त्यातील मुख्य म्हणणे आपल्या मराठीत एका वाक्यात सांगावे; असे आठ-दहा महिने केले असता गती वाढते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला हे कष्ट इतरांपेक्षा अधिक पडतात, म्हणून त्याने आरंभ लवकर करावा.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, म्हणून खात्री नसेल तेथे हात लावू नये, हा उपदेश शिक्षकही करतात. त्याचा हिशेब मात्र कोणी करून पाहत नाही. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. चार पर्यायांच्या सोळा प्रश्नांना एखाद्याने निव्वळ अंदाजाने उत्तरे दिली, तर सरासरीने चार बरोबर येतील आणि बारा चुकतील. चार गुण मिळाले, तीन गेले, तरीही एक हाती राहिला. ज्या प्रश्नांत दोन पर्याय निश्चितपणे बाद करता आले असे सोळा प्रश्न घेतले, तर आठ बरोबर, आठ चूक, आणि दोन गुण वजा जाऊन सहा शिल्लक. म्हणून एखादा जरी पर्याय विचारपूर्वक दूर सारता आला, तरी उत्तर देणेच हिताचे आहे. उतारा न वाचता केलेल्या अंदाजाला मात्र हा हिशेब पुरतेपणी लागू पडत नाही, कारण परीक्षकाने एक पर्याय मुद्दाम मोहक ठेवलेला असतो आणि घाईतला अंदाज बहुधा त्याच्यावरच पडतो. राज्याच्या सीईटीत तर चुकीला वजावटच नाही; तेथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे मिळणारा गुण नाकारणे होय.

आणि गुण वाढण्याचे मर्म? येथे सर्वांत दृढ समजूत अशी की जितक्या सराव परीक्षा, ज्यांना विद्यार्थी मॉक म्हणतात, तितके गुण. मॉक दिल्याने घड्याळाशी परिचय होतो, बैठक जमते, हे मान्य. परंतु त्याच चुका पुनःपुन्हा करीत पन्नास मॉक देणाऱ्यापेक्षा पंधरा देऊन प्रत्येकीची नीट तपासणी करणारा पुढे जातो, असा माझा दृढ अभिप्राय आहे. तपासणी म्हणजे उत्तरतालिकेशी ताडून गुण मोजणे नव्हे. मॉक संपल्यावर तालिका उघडण्यापूर्वी, ज्या प्रश्नांविषयी शंका होती ते सर्व घड्याळ बाजूला ठेवून पुन्हा सोडवावेत. दुसऱ्या खेपेस उत्तर बरोबर आले तर दोष वेळेचा किंवा घाईचा होता. तेव्हाही चुकले तर समजुतीतच काही उणे आहे. या दोन दोषांवरचे उपाय सर्वस्वी भिन्न आहेत आणि नुसत्या गुणांच्या आकड्यावरून ते ओळखता येत नाहीत.

मग प्रत्येक चुकीचे कारण एका वहीत आपल्या शब्दांत लिहावे. समजा, उताऱ्यात लेखक म्हणतो की न्यायालयांतील दिरंगाईचे एक कारण न्यायाधीशांच्या रिक्त जागा हे आहे. आणि विद्यार्थ्याने ‘जागा भरल्या की दिरंगाई संपेल’ हा पर्याय निवडला. वहीत ‘तर्क कच्चा’ असे लिहून काही साधत नाही. ‘लेखकाने एक कारण म्हटले, मी ते एकमेव धरले’ असे लिहिले पाहिजे. महिनाभराने वही चाळली असता आपल्या चुकांचे प्रकार चार-पाचच आहेत असे बहुतेकांना आढळते : एखादा ‘केवळ’ किंवा ‘वगळता’ दृष्टीआड करणे, स्वतःचे मत लेखकाच्या पदरी बांधणे, बरोबर लिहिलेले उत्तर शेवटच्या क्षणी बदलणे, एका हट्टी प्रश्नापायी तीन सोपे घालविणे. एवढे ध्यानात आले की पुढील मॉकमध्ये काय सांभाळायचे ते निश्चित होते.

गणिताला भिणाऱ्यांसाठी एवढेच, की क्लॅटमध्ये त्याचे प्रश्न १० ते १४ असतात आणि ते शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी अशा दहावीच्या पातळीवरचे असतात. ते सरसकट सोडून देणे मोठ्या तोट्याचे आहे. शिकवणीवर्गाविषयी सांगायचे तर तो शिस्त लावतो, सोबत मिळवून देतो. पण शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराने त्याच्यासाठी कर्ज काढावे, असे त्यात काही नाही. विधी विद्यापीठांचा संघ स्वतः मागील प्रश्नपत्रिका व नमुने उपलब्ध करून देतो आणि खऱ्या परीक्षेच्या भाषेची ओळख त्यांच्याइतकी दुसऱ्या कशानेही होत नाही. क्लॅट कागदावर असते आणि उत्तरांची वर्तुळे शाईने भरावी लागतात, सीईटी संगणकावर असते. सराव त्या त्या साधनावरच व्हावा, कारण १२० वर्तुळे भरण्यास लागणारी मिनिटेही हिशेबात धरावी लागतात.

शेवटी निकालाच्या आकड्यांविषयी. सीईटी अनेक सत्रांत होते, म्हणून तिचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरांत नव्वद गुण असा नसून, त्या सत्रातील शंभरांपैकी नव्वद उमेदवारांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, असा आहे. क्लॅट एकाच सत्रात होते आणि तिची यादी प्रत्यक्ष गुणांवर लागते. गुण समान असले तर विधी-तर्काच्या विभागात ज्याचे गुण अधिक तो वर, तेही समान असल्यास वयाने मोठा तो वर. या परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही, आणि पहिल्या खेपेस अपयश आले म्हणून दुसऱ्या खेपेस कोणी अडवीत नाही. मात्र पुन्हा बसणाऱ्याने गतवर्षीच्या गुणांशी यंदाच्या गुणांची सरळ तुलना करू नये, कारण पत्रिकेची काठिण्यपातळी दरवर्षी बदलते आणि अवघड वर्षीचे ऐंशी गुण सोप्या वर्षीच्या नव्वदांहून वरचा क्रमांक मिळवून देऊ शकतात. प्रगती मोजायची ती क्रमांकावरून, आणि मॉकच्या काळात आपल्या वहीतील कोणत्या प्रकारची चूक किती कमी झाली, यावरून.