जुनी गाडी घेताना : स्टिअरिंग का थरथरते?



ओतूर-आळेफाट्याकडचा भाजीपाला माळशेज घाट उतरून कल्याणच्या मार्केट यार्डात जातो. या खेपांमध्येच आपले काही सभासद ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुनी जीप किंवा पिकअप बघून ठेवतात. गाडी चालवून पाहतात तीही तिथल्याच गर्दीत. तिथे काटा ३०-४० च्या वर जात नाही आणि थरथर पुष्कळदा ७० च्या पुढेच हाताला लागते. मग मुरबाडच्या पुढे मोकळा रस्ता लागला की खोड कळते, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

उसाचे पान पिवळे पडले की आम्ही लगेच युरिया टाका म्हणत नाही. खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्र कमी. वरचे कोवळे पान शिरा हिरव्या राहून पिवळे पडले तर लोह कमी. लक्षण कुठे आणि केव्हा दिसते, ते आधी बघायचे. गाडीचेही तसेच आहे.

१) ठराविक वेगाला, बहुधा ७०-८० ला, स्टिअरिंग थरथरते : पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग बिघडले आहे. स्टिअरिंग शांत आणि सीट हादरते, तर मागची चाके किंवा प्रोपेलर शाफ्ट बघावा.

२) कमी वेगातही चाक डुलते : रिम वाकलेली किंवा टायरला फुगवटा. फुगवट्याचा टायर केव्हाही फुटतो, तो आधी बदलावा.

३) ब्रेक दाबल्यावरच थरथरते : ब्रेकची डिस्क किंवा ड्रम वेडावाकडा झिजला आहे.

४) खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग जोराने हिसके मारते : सांधे सैल असण्याचा संभव. चाक जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन, वर-खाली धरून हलवावे. खेळ लागला तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा जुन्या जीपचा किंगपिन गेला. डावी-उजवीकडे धरून खेळ लागला तर टाय-रॉडचा सांधा बघावा.

५) गाडी उभी, फक्त इंजिन चालू, तरी थरथर : इंजिनाखालची माउंटिंग रबरे तपासावीत.

अलाइनमेंट बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकीकडून झिजतात. थरथरीवर तो सहसा उपाय नव्हे. आम्ही स्वतः आमच्या जुन्या जीपचे दोनदा अलाइनमेंट करून पैसे घालवले. शेवटी पुढच्या रिमच्या आतून शेतातल्या वाळल्या चिखलाचे ढेकूळ निघाले! ते खरवडले आणि थरथर थांबली.

तेव्हा विसार देण्यापूर्वी मेस्त्री बरोबर घ्यावा, गाडी पडघ्याकडे नाशिक महामार्गावर न्यावी आणि वेगमर्यादेत राहून चालवून पाहावी. बॅलन्सिंगचे काम थोडक्यात भागते. सांधे सैल असतील, तर भरल्या गाडीने माळशेजच्या वळणावर जिवाशी गाठ आहे. तेवढी तपासणी जरूर करावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी